पावसाळ्यात कोळंबीच्या तलावाचा पीएच का नाचतो: बफर, आल्कलिनिटी आणि चुना

प्रश्न थोडक्यात असा. जैतापूर खाडीच्या कडेला एक एकराचा वनामी कोळंबीचा तलाव आहे, पाणी सव्वा मीटर. बीज सोडून पन्नासेक दिवस झालेत. मृगाचा पाऊस लागल्यापासून पीएच सकाळी ७.४ आणि दुपारी तीनला ९.१ येतो. सकाळी दहाच्या सुमारास २५-२५ किलो फक्की चुना दोनदा मारला. एक दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. खारेपणा (लिटरला किती ग्रॅम मीठ) मे महिन्यात २२ होता, आता १४. आल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मुरवायची ताकद, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) ११० होती, आता ४८. यंदा बाहेरचा बांध खाजणातलीच, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या सखल जमिनीतलीच, माती काढून उंच केलाय. कोणीतरी सांगितलं, ‘पाण्याचा बफर गेला.’ तर बफर म्हणजे नेमकं काय, तो पीएच कसा धरून ठेवतो, आणि दुकानात बाटलीत मिळणारा बफर तलावात टाकायचा असतो का?

शेवटचं आधी सांगतो. बाटलीतला बफर मीटर जुळवण्यासाठी असतो, तलावात टाकण्यासाठी नाही. बाकीच्याचं उत्तर लांबेल, पण तुम्ही खारेपणा आणि आल्कलिनिटी दोन्ही दिलंत म्हणून नीट बोलता येतंय. ‘पीएच वर-खाली होतो, काय मारू?’ एवढंच विचारणाऱ्याला मी आधी हे दोन आकडे आणायला सांगतो.

बफर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बांध येतो, आम्लाला बाहेरच अडवणारा. तसं नसतं. बांध पाणी थोपवतो, बफर आम्ल आत येऊ देतो आणि मुरवतो. मुरवायला पाण्यात दोन गोष्टी एकत्र लागतात: एक सौम्य आम्ल, आणि त्याच आम्लातून हायड्रोजन आयन निघून गेल्यावर उरलेला भाग, म्हणजे त्याची आम्लारी. बाहेरून आम्ल आलं की त्याचे हायड्रोजन आयन ही आम्लारी उचलते आणि तिचं सौम्य आम्ल होतं. बाहेरून आम्लारी आली तर सौम्य आम्ल आपला हायड्रोजन सोडून तिला शांत करतं. पीएच मीटर फक्त मोकळे हायड्रोजन आयन मोजतो, उचललेले त्याला दिसत नाहीत.

आकड्यात पाहिलं तर खात्री पटते. एक लिटर शुद्ध पाण्यात एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल एक मिली टाकलं तर पीएच ७ वरून थेट ३ वर येतो. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा हायड्रोजन आयन दहा हजार पटींनी वाढले. आता दुसऱ्या लिटरमध्ये ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि सोडियम ॲसेटेट, दोन्ही ०.१ मोलर घ्या. त्याचा पीएच ४.७६. त्यात तेच एक मिली टाका, पीएच होतो ४.७५. आम्ल तेवढंच पडलं, पण आम्लारी आणि आम्ल यांचं प्रमाण १ : १ वरून ०.०९९ : ०.१०१ एवढंच सरकलं, आणि पीएच ठरतो तो या प्रमाणाच्या लॉगरिदमवर. हे गणित हेंडरसन यांनी १९०८ साली रक्तातल्या बायकार्बोनेटचा विचार करताना मांडलं आणि हॅसलबाल्क यांनी पुढे ते लॉगरिदमच्या रूपात आणलं. दोघांची नावं जोडून ते समीकरण बारावीच्या मुलांना पाठ करावं लागतं. पाठ असतं, तलावावर आठवत नाही, हा भाग वेगळा.

त्या समीकरणातून दोन गोष्टी निघतात. प्रत्येक जोडीचा आपला एक ठरलेला पीएच असतो (पीकेए म्हणतात त्याला) आणि त्याच्या एक अंक खाली-वर एवढ्याच पट्ट्यात ती जोमाने काम करते. दुसरं म्हणजे माल किती आहे. प्रमाण तेच असलं तरी दहापट पातळ द्रावण दहापट लवकर हरतं. तुमच्या तलावात झालंय ते हे दुसरं.

तलावातली जोडी कोणती? विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हे सौम्य आम्ल, बायकार्बोनेट ही आम्लारी. आल्कलिनिटी म्हणून आपण जे मोजतो ते बहुतांशी हे बायकार्बोनेटच. खाऱ्या पाण्यात थोडा बोरेटचा वाटा असतो, तो ८.५ च्या आसपास कामाला येतो, म्हणून त्या पट्ट्यात खारं पाणी गोड्यापेक्षा जरा बरं टिकतं. पण भिस्त बायकार्बोनेटवर. कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात समुद्राच्या पाण्यात साधारण ११५ ते १२० मिलिग्रॅम प्रति लिटर आल्कलिनिटी असते. पावसाच्या पाण्यात जवळजवळ शून्य. कोकणात जांभ्या कातळावरून वाहून आलेलं ओहोळाचं पाणीही मऊ, त्यातून फारसं काही मिळत नाही.

आता एक प्रयोग सांगतो, टेबलावर अर्ध्या तासात होतो. तुमचं ४८ आल्कलिनिटीचं पाणी १०० मिली घ्यायचं, मीटरचा इलेक्ट्रोड आत सोडायचा आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून) ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब सोडायचं. १०० मिली नमुन्याला या आम्लाचा एक मिली म्हणजे आल्कलिनिटी १०, तेव्हा तुमचं पाणी ४.८ मिलीला संपणार. पहिल्या मिलीत पीएच आठवरून साडेसहाच्या आसपास घसरतो. इथे माणूस घाबरतो. पण पुढचे तीन मिली टाकून तो जेमतेम सव्वापाचला पोचतो, आकडा जागच्या जागी रेंगाळतो, थेंब पडला की डुचमळतो आणि पुन्हा बसतो. कारण खाऱ्या पाण्यात या जोडीचा पीकेए सहाच्या जवळ आहे (गोड्यात ६.३५), तिच्या खऱ्या ताकदीचा पट्टा तो. मग शेवटचा पाऊण मिली, आणि आकडा चारच्या घरात कोसळतो. मेथिल ऑरेंज हे रंग बदलणारं सूचक घातलं असेल तर पिवळा रंग नारिंगी होतो, तिथे बायकार्बोनेट संपलं. तेवढंच आम्ल डिस्टिल्ड पाण्यात टाकलं असतं तर चारचा आकडा पहिल्या अर्ध्या मिलीतच आला असता.

यातली खरी बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. निम्मं आम्ल टाकून झालं, म्हणजे २.४ मिली, की थांबायचं. पीएच सहाच्या आसपास असेल. आता मत्स्यटाकीचा छोटा पंप लावून त्यात हवा सोडायची. वीसेक मिनिटांत पीएच चढत चढत साडेसातच्या घरात येतो. काहीही टाकलेलं नाही, फक्त आम्लाने तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेबरोबर उडून गेला. पण बायकार्बोनेट निम्मं कायमचं गेलं, ते काही परत आलं नाही. आल्कलिनिटी ४८ ची २४ झाली आणि हवेशी जुळलेल्या पाण्याचा पीएच उतरला फक्त ०.३. म्हणून मी सांगत असतो की सकाळ-संध्याकाळ पीएच लिहिणाऱ्या वहीत आठवड्याला एकदा आल्कलिनिटी नसेल तर त्या वहीवरून धोका कळत नाही. अर्धी शिदोरी संपेपर्यंत मीटर ‘ठीक आहे’ म्हणत राहतो.

चाणाक्ष माणूस इथे विचारेल की जोडीचा पट्टा पाच ते सातचा, मग आठ-सव्वाआठला ती काय कामाची? प्रश्न रास्त आहे. बंद बाटलीत ८.३ च्या आसपास बायकार्बोनेट खरोखर दुबळं बफर आहे. तलावात ते चालतं ते वर हवा उघडी आहे म्हणून. आपल्या रक्तातही हेच. रक्ताचा पीएच ७.४, तिथल्या जोडीचा पीकेए ६.१, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण २० ला १. पुस्तकी नियमाने ही जोडी तिथे बसतच नाही, पण फुप्फुसं जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतात म्हणून ती बसते. तलावात ते काम पॅडल व्हील, म्हणजे पाणी उडवून हवा मिसळणारं एरेटरचं चाक, करतं. एरेटर ऑक्सिजनसाठी लावतात हे बरोबरच, पण तो पीएचही सावरतो हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

तुमच्या ७.४ ते ९.१ चं कारण हे आहे. रात्री कोळंबी, जिवाणू, प्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) सगळेच श्वास घेतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पहाटे पीएच खाली. ऊन पडलं की प्लँक्टन तो ओढून घेतं. मोकळा संपला की बायकार्बोनेटमधून काढतं, मागे कार्बोनेट आणि हायड्रॉक्सिल उरतात, दुपारी पीएच वर. या खेळात आल्कलिनिटी जवळजवळ तशीच राहते, बदलतो तो फक्त पीएच. प्लँक्टन मे महिन्यात होतं तेवढंच असेलही, पण तेव्हा ११० चा साठा होता, आता ४८. त्याच ओढीने आता प्रमाण दुपटीहून अधिक हलतं. दिवसाचा फरक अर्ध्या अंकाच्या आत असावा असं आपण धरतो, तुमचा १.७ आहे.

यात जीवावर बेततं ते अमोनियामुळे. तीस अंशांच्या आसपास ७.४ ला एकूण अमोनियापैकी विषारी, वायुरूप भाग साधारण २ टक्के असतो. ९.१ ला तो जवळपास निम्मा होतो. किटमध्ये एकूण अमोनियाचा आकडा सकाळ-दुपार एकच येईल आणि दुपारी चेक ट्रेमधलं (कोळंबी किती खाते ते बघायच्या तबकातलं) खाद्य मात्र तसंच राहील. मग ‘खाद्याची पिशवी खराब निघाली’ असा निष्कर्ष काढला जातो.

आता तुमचे आकडे. खारेपणा २२ चा १४ झाला. मीठ उडून जात नाही की कोणी खात नाही, म्हणून पाणी किती पातळ झालं हे खारेपणा सांगतो. ११० ला १४ ने गुणा, २२ ने भागा: ७०. म्हणजे फक्त पावसाने पातळ झालं असतं तर आल्कलिनिटी ७० यायला हवी होती. आली ४८. शिवाय तुम्ही ५० किलो चुना टाकलात. पाणी साधारण ५,००० घनमीटर, म्हणजे घनमीटरला १० ग्रॅम, त्यातून १३ च्या आसपास वाढ मिळायला हवी होती. थोडक्यात ३५ मिलिग्रॅम आल्कलिनिटी कोणीतरी खाल्ली आहे, आणि तो पाऊस नव्हे.

खाणारे तीन. पहिले तळातले नायट्रीकरण करणारे जिवाणू: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना ते सात मिलिग्रॅम आल्कलिनिटी संपवतात. पन्नास दिवसांच्या खाद्यावर हा वाटा नक्कीच आहे. दुसरी कोळंबी स्वतः, कात टाकल्यावर नवं कवच कॅल्शियम कार्बोनेटने कडक करते. हा वाटा लहान. तिसऱ्यावर माझा जास्त संशय आहे: तुमचा नवा बांध.

खाजणातला काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ पाण्याखाली असतो तोवर निरुपद्रवी. त्यात कांदळवनाच्या मुळांपाशी शतकानुशतकं साठलेलं पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड असतं. तो गाळ काढून बांधावर टाकला, एप्रिल-मेच्या उन्हात तडकला, त्यात हवा गेली की पायराइटचं सल्फ्युरिक आम्ल होतं. मृगाची पहिली सर ते धुऊन तलावात आणते. हे आम्ल खनिज आहे, श्वासातलं नव्हे. ते बायकार्बोनेट जाळतं ते कायमचं, एरेटर लावून काही परत मिळत नाही. बांधाच्या उतारावर पिवळट भुकटीसारखे डाग, पायथ्याशी तांबूस तेलकट तवंग आणि गवत न उगवणं, यातलं काही दिसतंय का ते आधी बघा. खात्रीसाठी बांधातली मूठभर ओली माती डिस्टिल्ड पाण्यात कालवून पीएच घ्या. त्याच मातीचा पातळ थर उघड्यावर ओलसर ठेवून काही आठवड्यांनी परत घ्या. सहा-साताचा चारच्या खाली आला तर गुन्हेगार सापडला. तुम्हाला तेवढी सवड नाही, म्हणून पुढच्या सरीत बांधावरून ओघळणारं पाणी बाटलीत धरून लगेच मोजा. ते चारच्या आसपास आलं तर वाट बघू नका, उताराच्या आतल्या बाजूला शेतीचा चुना, म्हणजे दळलेला चुनखडी दगड, दाट पसरा आणि पायथ्याशी लहानसा पाट काढून ते पाणी बाहेर वळवा. गळती चालू ठेवून तलावात खाण्याचा सोडा ओतणं म्हणजे पैसे खाडीत.

मग चुना का लागू पडला नाही? फक्की चुना हा हायड्रॉक्साइड. तो बायकार्बोनेट होतो ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन. पहाटे तो भरपूर असतो. सकाळी दहाला प्लँक्टनने आधीच ओढायला सुरुवात केलेली असते, वरून तुम्ही चुना टाकलात, म्हणजे दुपारच्या उड्डाणाला तुम्हीच ढकललंत. पीएच नऊच्या वर गेला की चुन्यातलं कॅल्शियम आणि पाण्यातलं कार्बोनेट मिळून पांढरं होऊन तळाला बसतं, म्हणजे टाकलेल्यातलं काही वायाच जातं. चुना द्यायचाच तर रात्री किंवा पहाटे, थोडा थोडा, पाण्यात विरवून. शेतीचा चुना याच्या उलट, ८.३ च्या वरच्या पाण्यात तो विरघळायलाच तयार नसतो. तो तलाव तयार करताना जमिनीत द्यायचा, उभ्या पिकात त्याच्याकडून झटपट काही मिळत नाही. दुकानदार मात्र हेच पोतं वेगळ्या नावाने चालू पिकात खपवतात.

तुमच्या परिस्थितीत खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा पीएच ८.३ च्या आसपास असतो. सकाळच्या ७.४ ला तो वर उचलतो आणि दुपारच्या ९.१ ला खाली ओढतो, जास्त पडला तरी पीएच नऊवर नेत नाही. आल्कलिनिटी १ ने वाढवायला घनमीटरला १.६८ ग्रॅम लागतो. तुम्हाला ४८ वरून निदान ८० ला जायचंय: ३२ गुणिले १.६८, म्हणजे घनमीटरला ५४ ग्रॅम, ५,००० घनमीटरला २७० किलो. एकदम नको. चार-पाच रात्रींत वाटून, एरेटर चालू ठेवून, बादलीत विरघळवून, चारी कोपऱ्यांना फिरून टाका. तिसऱ्या दिवशी आल्कलिनिटी मोजा. हिशोबाप्रमाणे वाढली नाही तर बांध अजून गळतोय असं समजा आणि सोडा थांबवून आधी तिकडे बघा. ११० गाठायच्या मागे लागू नका, आर्द्रा बरसल्या की निम्मं वाहून जाणार आहे.

तोवर दुपारचा पीएच आवरायला गुळाचं पाणी चालतं. जिवाणू गूळ खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. पण ते ऑक्सिजनही खातात, म्हणून वीज नसताना, किंवा ढगाळ दिवशी, अजिबात नाही. जनरेटरचं डिझेल बघून मगच गूळ.

पीएच कुठला घेताय हेही विचारायचं राहिलं. जोराच्या पावसानंतर गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली बसतं. काठावरून भांडं बुडवून घेतलेला नमुना म्हणजे वरचा पावसाचा थर. कोळंबी तळाला राहते. तळाचं पाणी वेगळं मोजा, आणि सर थांबली की मोरीच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी सोडून द्या, मगच एरेटर लावून ढवळा. उलट केलंत तर ते पावसाचं पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने मिसळलंत.

मीटरबद्दल. बफरच्या कॅप्सूल मिळतात ४, ७ आणि ९.२ च्या. तत्त्व वर सांगितलं तेच, फक्त जोड्या वेगळ्या: चारला थॅलेट, सातला फॉस्फेट (त्याचा पीकेए ७.२), ९.२ ला बोरॅक्स. तुमचं काम आठ-नऊचं, तेव्हा सात आणि ९.२ वर जुळवा. ९.२ ची बाटली उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरते, आणि मीटर तिच्यावर जुळवला की तलावाचा पीएच आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. महिना-महिना तीच बाटली वापरणारे पाहिलेत. वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका. तुमचा ९.१ सुद्धा ताज्या बफरवर एकदा तपासून घ्या, कदाचित ८.९ असेल. निदान तेच राहील.

नवीन पाणी घ्यायचं झालं तर उधाणाच्या भरतीला, भरती पूर्ण चढल्यावर, आणि पंपाची नळी खाली सोडून घ्या. ओहोटीला उघाडीसमोर (बांधातल्या पाण्याच्या दारासमोर) येतं ते डोंगरावरचं पाणी. आधी एक बाटली भरून खारेपणा आणि आल्कलिनिटी बघा. तुमच्या तलावापेक्षा कमी असेल तर घेण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांत नमुन्याचं सरासरी वजन विक्रीजोगं येत असेल आणि बांधाचं पाणी खरंच चारचं निघालं, तर मी सोड्याचे पैसे न घालता लवकर कापणी करीन, आणि तो बांध पावसाळाभर धुऊ देऊन पुढच्या पिकाआधी चुना घालीन.